डबीवरचे गुरुजी

पातूरचे देवमन तायडे गुरुजी एकाच वेळी दोन ठिकाणी भेटायचे. एक घराच्या ओट्यावर आणि दुसरे बापूसाहेबी वातनाशक चूर्णाच्या डबीवर. ओट्यावरचे गुरुजी अडुसष्ट वर्षांचे, डबीवरचे कायमचे चौतीस. डबीवर काळ्याभोर मिशा, ताठ कॉलर आणि फोटोखाली बारीक अक्षरांत मजकूर: "मी अंथरुणाला खिळलो होतो. हे चूर्ण सुरू केल्यावर आठव्या दिवशी पायी शाळेत गेलो. स्वतः अनुभव घेतला, मगच लिहीत आहे. देवमन तायडे, शिक्षक, पातूर."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. खोटं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणायची पाळी पुढे आली.

एक्क्याण्णव साली गुरुजींना ताप आला आणि ताप उतरताना सांधे धरले. लोटा उचलवेना. दोन महिने सरकारी दवाखान्याच्या गोळ्या खाऊन झाल्या, मग कोणीतरी अमरावतीहून ही डबी आणून दिली. आठ दिवसांत माणूस उठून चालायला लागला. चार महिने चूर्ण घेतलं, बंद केलं, आणि दुखणं गेलं ते पुन्हा आलं नाही.

आता गंमत अशी, की गुरुजी असल्या औषधांचे हाडवैरी. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणाऱ्या एका बाबाचं बिंग त्यांनी भर वर्गात फोडलं होतं. हाताला आंब्याच्या सालीचा रस चोपडला की धडधाकट माणसाचा हातही चुन्यात पिवळं पाणी सोडतो, हे त्यांनी पन्नास पोरांचे हात पिवळे करून दाखवलं. जत्रेत तंबू ठोकून जडीबुटी विकणारे त्यांना पाहिलं की मुळ्यांवर फडकं टाकायचे. "कोनी सांगतलं म्हून मानू नका, पोरांहो," ते म्हणायचे. "खुद्द बुद्धानं सांगतलं, माह्यं म्हननंही तपासून पाहा." मग स्वतःच्या अंगावर तपासून पाहिलेली गोष्ट कशी नाकारायची? त्यांनी बापूसाहेबांना पत्र टाकलं, सोबत शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो जोडला.

बापूसाहेब म्हणजे अमरावतीचं जुनं प्रस्थ. वडील पुराण सांगायचे, यांनी सुंठ-गुग्गुळ कुटायला घेतलं. त्या काळी औषधापेक्षा औषधाचा कागद मोठा असे. दिवाळीला घरोघर बापूसाहेबांचं कॅलेंडर लागायचं. तिथी-वार वर, आणि खाली गुण आलेल्यांची पत्रं. मोर्शीचे एक वकील, नांदगाव खंडेश्वरचे एक निवृत्त मामलेदार, "अब्रूखातर नाव न देणारी एक भगिनी". ही पत्रं बापूसाहेबांचा कारकून दुपारच्या चहानंतर एका बैठकीत लिहून काढतो, हे अमरावतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या ढिगात देवमन तायड्यांचं पत्र तेवढं खरं निघालं. बापूसाहेबांनी ते पारखलं आणि थेट डबीवर चढवलं. वकील गेले, मामलेदार गेले, भगिनी गेली, बापूसाहेबही गेले. नातू शुभंकर आला, पत्र्याची डबी प्लास्टिकची झाली. फोटो तोच राहिला.

रविवारी सकाळी लोक डबी घेऊन ओट्यावर यायचे. डबीवरच्या माणसाशी ओट्यावरचा माणूस ताडून पाहायचे आणि विचारायचे, "खरंच काय, गुरुजी?" गुरुजी म्हणायचे, "मले आला गुन. तुमाले आला तं मले येऊन सांगा, नाही आला तंही सांगा." आणि शाळेचा जुना हजेरीपट काढून नाव, गाव, तारीख लिहायचे. महिन्याभरानं तो माणूस आला की नावापुढे खूण करायचे. जवळजवळ सगळ्यांना गुण यायचा. पट भरत चालला तसे गुरुजी मनातून फुगत गेले. कबूल कधी केलं नसतं, पण फुगले. कंपनीकडून त्यांनी एक छदाम घेतला नाही, दिवाळीची मिठाईची पेटीसुद्धा परत पाठवली. म्हणूनच तर त्यांच्या शब्दाला किंमत होती.

सुंदराबाई, त्यांच्या पत्नी, अकरा वर्षं हे चूर्ण घेत होत्या. गुडघे गेले होते. डबीवर नवऱ्याचा फोटो असताना बाईनं दुसऱ्या कुणाचं औषध घ्यायचं म्हणजे घरच्या माणसावरच अविश्वास. हळूहळू त्यांचा चेहरा गोल गरगरीत झाला. बायका म्हणत, "म्हातारपनी कशी भरून आली पाह्य सुंदराबाई." दंडावर कशानंही निळे डाग पडायचे, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, पण ते कोण पाहतो. चेहरा भरला की आपल्याकडे सुखच समजतात.

पाहिलं ते सुनेनं. ज्योत्स्ना अमरावतीला एका दवाखान्यात नर्स होती. दिवाळीला आली तेव्हा सासूचे दंड बघून तिनं एक डबी पिशवीत टाकली. मुलगा अश्विन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, त्यानं ओळखीच्या प्रयोगशाळेत चूर्ण तपासून घेतलं. आणि एका रविवारी, ओट्यावर दोन माणसं बसलेली असतानाच, त्याचा फोन आला.

"बाबा, त्याच्यात स्टेरॉइड हाय. भरपूर. सुंठ-बिंठ नुसती वासापुरती."

गुरुजी उठून आत गेले. "कवापासून?"

"कोन सांगन? बापूसाहेबाच्या टायमाले होतं का नातवानं घातलं, काही पत्ता नाही. तुमी आयका, सध्या कोनाले काहीच सांगू नका. मी पुढच्या रविवारी येतो, आपन आईले डॉक्टरकडं नेऊ. तोपर्यंत तिचं औषध—"

"तोपर्यंत काय? आठ दिवस इख घालू तिले?" गुरुजी ओरडले आणि फोन ठेवून दिला.

पोरगा पुन्हा पुन्हा फोन लावत राहिला. गुरुजींनी नाव पाहिलं की फोन खिशात टाकायचे. घरात तेवढा एकच फोन. पोराला कोर्टाच्या नोटिशीची भीती वाटते, अशी त्यांनी समजूत करून घेतली. शिकलेली पोरं अशीच, आधी नोकरी सांभाळतात, मग सत्य. आपण तसे नाही. चौतीस वर्षं आपल्या तोंडानं लोकांच्या पोटात विष गेलं, आता एक दिवसही थांबणं म्हणजे पाप.

त्यांनी सुंदराबाईंच्या समोर घरातल्या तीनही डब्या मोरीत ओतल्या.

"आवो, अन् माह्या गुडघ्याचं?" बाईंनी विचारलं.

"दुखू दे. दुखनं खरं तं हाय."

बाई मोरीकडे बघत राहिल्या.

सोमवारपासून गुरुजी हजेरीपट काखेत मारून निघाले. अजून चूर्ण घेणारी त्रेचाळीस माणसं पातुरात आणि आसपास होती. प्रत्येकाच्या दारात उभं राहून त्यांनी तेच सांगितलं: "मी फसलो, अन् माह्यामुळं तुमी फसले. हे इख हाय. आजच्या आज बंद करा. मले माफ करा." लोक गहिवरले. चूक कबूल करायला दारोदार फिरणारा माणूस कोणी पाहिला होता? एका म्हातारीनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. बसस्टँडजवळच्या किशोर टेलरला मशीनवर बसून बसून कंबर धरली होती, नऊ वर्षं तो चूर्णावर होता. त्यानं कात्रीनं डबीवरचा फोटो कापून गुरुजींच्या हातात दिला. "हे तुमी ठेवा गुरुजी, बाकीचं गटारात." त्याची बायको आरती आतून चहा घेऊन आली.

खरं सांगायचं तर त्या आठवड्यात गुरुजींना फार हलकं वाटलं. लाज होती, पण लाजेच्या खाली एक गोड चव होती. इतकं खरं बोलणारा आपल्याशिवाय कोण, ही चव.

घरी सुंदराबाई गुरुवारपासून निजून होत्या. अंगात कणकण, खोकला. अन्न बघितलं की ओकारी. उठून बसल्या तर डोळ्यांपुढे अंधारी. "अंगातलं इख निंघून राह्यलं," गुरुजींनी त्यांना समजावलं. "चार दिवस त्रास होईन, मंग पाह्य कशी मोकळी होशीन." आणि त्यांना लिंबूपाणी देऊन ते पट घेऊन उरलेल्या घरांना गेले. शुक्रवारी संध्याकाळी त्रेचाळिसाव्या नावापुढे खूण झाली.

शनिवारी सकाळी सुंदराबाई हाकेला ओ देईनात.

अकोल्याच्या दवाखान्यात गाडी पोहोचेपर्यंत त्यांचे हात गार पडले होते. गुरुजींनी अश्विनला वाटेतूनच कळवलं होतं. डॉक्टर अबोली म्हणून एक तरुण बाई ड्युटीवर होत्या. रक्तदाब लागत नाही, साखर उतरलेली, एवढं बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला: "या काही औषध घेत होत्या का? सांधेदुखीचं, झाडपाल्याचं?"

"घेत होती. अकरा वर्षं," गुरुजी म्हणाले. "पण त्यात स्टेरॉइड आहे हे कळताच मीच बंद केलं. त्याच दिवशी."

डॉक्टरांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, मग नर्सला इंजेक्शन सांगितलं आणि आत धावल्या. तासाभरानं बाहेर आल्या तेव्हा सुंदराबाईंनी डोळे उघडले होते.

"वाचतील," त्या म्हणाल्या. "अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. गुरुजी, हे औषध असं एकदम तोडायचं नसतं."

"विष होतं ते, डॉक्टर."

"होतंच. पण बघा, दारात रोज टँकर यायला लागला की घरची विहीर कोणी उपसत नाही. दहा वर्षांत ती गाळानं भरून जाते. मग टँकरचं पाणी खराब आहे म्हणून तुम्ही एका दिवसात टँकर बंद केलात, तर घरातल्या माणसांनी प्यायचं काय? शरीरसुद्धा हे द्रव्य स्वतः तयार करतं. बाहेरून मिळत राहिलं की ते काम सोडून देतं. आधी हळूहळू विहीर उपसावी लागते. थोडं थोडं कमी करत, महिनोन् महिने. तापबिप असला तर उलट जास्त द्यावं लागतं."

तेवढ्यात अश्विन अमरावतीहून येऊन पोहोचला. आईला काचेतून पाहून आला, बापासमोर उभा राहिला.

"मी फोनवर थेच सांगून राह्यलो होतो, बाबा. ज्योत्स्ना बाजूले उभी होती. 'एकदम बंद करू नका म्हना त्याहीले,' म्हनत होती. तुमी वाक्य पुरं होऊ देल्लं नाही."

"मले वाटलं, तुले भेव वाटून राह्यलं."

"वाटत होतंच. पन आईचं."

गुरुजींनी आयुष्यात हजारो पोरांना "वाक्य पूर्ण कर" म्हणून दटावलं होतं. ते बाकावर बसले. डॉक्टर अबोली जायला निघाल्या आणि दारात थबकल्या.

"हे चूर्ण अजून कोण घेतं तुमच्याकडे?"

"त्रेचाळीस जण. त्यांनाही मी बंद करायला सांगितलं." मग त्यांनाच आपला आवाज परका वाटला. "ऐकतात ते माझं. सगळ्यांनी बंद केलं असणार."

डॉक्टरांनी डोळे क्षणभर मिटले. "सगळ्यांनाच असं होणार नाही. पण कोणाला होईल ते घरबसल्या सांगता येत नाही. ज्यांना येता येईल त्यांना लगेच इकडे पाठवा. आणि येईपर्यंत प्रत्येकानं आधी घेत होता तेवढंच पुन्हा सुरू करायचं."

"पुन्हा सुरू? तेच?"

"तेच. आणि हे तुम्हालाच सांगावं लागेल, माझं कोण ऐकणार?"

ज्यांचे नंबर गुरुजींच्या फोनमध्ये होते त्यांना अश्विननं दवाखान्यातूनच फोन लावले. निम्म्यांनी उचलले नाहीत, उरलेले म्हणाले, "खुद्द गुरुजींनी बंद कराले सांगतलं, तुमी कोन?" सुंदराबाईंना पूर्ण शुद्ध येऊन त्यांनी पाणी मागितल्याशिवाय गुरुजींचा पाय निघेना. रविवारी सकाळच्या पहिल्या बसनं ते पातूरला परतले.

तोच हजेरीपट, तीच दारं. फक्त वाक्य उलटं.

पहिल्याच दारात म्हातारा देशमुख हसला. "सोमवारी इख म्हनलं, आज अमृत? गुरुजी, तब्येत बरी हाय ना तुमची?"

गुरुजींनी टँकरची आणि विहिरीची गोष्ट सांगितली. म्हाताऱ्यानं ऐकली, अर्धवट मान हलवली. दुसऱ्या घरी एक तरणा माणूस आईला आत लोटून दारात उभा राहिला. "शुभंकरशेठ येऊन गेला वाटते तुमच्याकडं," तो म्हणाला. "केवढ्यात पटवलं?" अडुसष्ट वर्षांत गुरुजींना कोणी असं बोललं नव्हतं. "आईले अकोल्याले घेऊन जा," एवढंच ते दहा वेळा म्हणाले, शेवटी हात जोडले. त्यानं दार लावून घेतलं. आतून म्हातारी खोकत होती.

तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या घरी लोक ऐकायला तयार होते, पण डब्या राहिल्या नव्हत्या. गुरुजींच्या सांगण्यावरून कोणी जाळल्या होत्या, कोणी उकिरड्यावर टाकल्या होत्या. गुरुजी बाजारातल्या किराणा दुकानात गेले आणि चूर्णाच्या पंधरा डब्या मागितल्या. दुकानदारानं काउंटरवर रचून ठेवल्या. पंधरा वेळा तोच चौतीस वर्षांचा माणूस, ताठ कॉलर, गुरुजींकडे बघत होता. या माणसाचं नाक धरून त्याला पाण्यात बुडवावं असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याला पिशवीत भरलं आणि घरोघर नेऊन, स्वतःच्या हातानं चमच्यात घालून, पाण्यासोबत म्हाताऱ्यांना पाजलं. एकीनं गिळताना विचारलं, "चांगलं हाय नं आता हे?" गुरुजी म्हणाले, "नाही. पन घ्या."

दुपारी साडेबाराला ते बसस्टँडच्या गल्लीत वळले. किशोरच्या दुकानाचं शटर खाली होतं. घरापुढे ताडपत्री ताणली होती आणि तिच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आठ-दहा माणसं गप्प बसली होती.

गुरुजींना पुढचं कोणी सांगायची गरज नव्हती, तरी एकानं सांगितलं. ताप होता दोन-तीन दिवस. काल दुपारी मशीनवरून उठला आणि कोसळला. अकोल्याला नेतानेता गेला. संध्याकाळी उरकलं.

त्यांना परत फिरता आलं असतं. पण आरतीनं त्यांना पाहिलं होतं. ती उंबऱ्यातून उठून पुढे आली, एका माणसाला उठवून तिनं गुरुजींना खुर्ची दिली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"तुमी सांगतलं तवाच त्याहीनं बंद केलं, गुरुजी. एक दिवस नाही घेतलं मंग. म्हने, गुरुजी बोलले म्हंजे बोलले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पन नऊ वर्साचं इख अंगात भिनलं होतं, थे कुठं जाते. तुमी बिचारे दारोदार फिरले, वाचवाले पाह्यलं. आमचंच नशीब खोटं."

आजूबाजूच्या माणसांनी माना हलवल्या. कोणीतरी म्हणालं, "गुरुजीसारखा मानूस नाही." एकानं शुभंकरला शिवी घातली. गुरुजींच्या हातात कोणीतरी पाण्याचा पेला दिला.

सगळं कसं चपखल बसलं होतं. मारणारा अमरावतीला होता आणि वाचवणारा इथं खुर्चीवर. नुसतं गप्प बसायचं, पाणी प्यायचं, दोन शब्द बोलून उठायचं. आरतीला त्यानं बरंच वाटलं असतं. खरं सांगून तिला काय मिळणार होतं? आणि खरं बोलायच्या हव्यासापायीच तर ही ताडपत्री ताणली गेली होती. गुरुजींना पहिल्यांदाच आपल्या खरेपणाची भीती वाटली.

पण उरलेल्या घरांतले लोक हेच ऐकणार होते. चूर्णानं किशोरला मारलं, गुरुजींचं खरं होतं. मग कोणी पुन्हा चमचा तोंडात घेतला असता?

त्यांनी पेला खाली ठेवला आणि उभे राहिले. "किशोरले त्या चुर्नानं नाही मारलं," ते म्हणाले. "एकदम बंद केलं म्हून गेला थो. बंद कराले मी सांगतलं. माह्या बायकोचंही तसंच झालं, ती अकोल्याले पडून हाय. हे हळूहळू सोडा लागते, मले मालूम नव्हतं. मी विचारलं नाही कोनाले. ज्याच्या घरी हे घेनारं हाय त्यानं आज पुन्हा घ्या अन् सरळ अकोल्याचा दवाखाना गाठा."

आरती त्यांच्याकडे बघत राहिली. तिला समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा ती ओरडली नाही.

"घेत राह्यले असते तं आज असते?"

आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात येत होतं.

"हाव."

"पुढं हळूहळू सुटलं असतं?"

"डॉक्टर म्हनतात, सुटलं असतं."

"तुमाले कोनी सांगतलं नाही आधी?"

गुरुजींनी खोटं बोलायचा विचारही केला नाही. "पोरगा सांगत होता. आठ दिवस थांबा म्हने, मी येतो."

आरती खाली बसली. जमिनीवरच, मातीत. मग तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, जसं शेजारणीला विचारावं तसं:

"मंग काहून नाही थांबले, गुरुजी?"

गुरुजींना उत्तर माहीत होतं. सुंदराबाईंच्या डोळ्यांसमोर डब्या मोरीत ओतताना किती बरं वाटलं होतं, दारोदार माफी मागताना लोक कसे गहिवरले होते, ते सगळं माहीत होतं. चौतीस वर्षांपूर्वी पत्र लिहिलं तेव्हाही तसंच वाटलं होतं. ते सांगण्यासारखं नव्हतं, आणि दुसरं काही खरं नव्हतं. ते उभेच राहिले. शेवटी एका म्हाताऱ्यानं त्यांच्या दंडाला धरून म्हटलं, "जा आता तुमी," आणि गुरुजी डब्यांची पिशवी उचलून पुढच्या घराकडे चालू लागले.